इंटर्न शोधण्याआधी काम शोधा

इंटर्न येतो, दोन आठवडे ट्यूटोरियल बघतो आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला एक्सेलमध्ये डेटा भरायला बसवतात. छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत हे सर्रास होतं, कारण जाहिरात टाकताना काम ठरलेलंच नसतं.

म्हणून सहा आठवड्यांत संपेल असं एक काम आधी लिहून काढा. ते खरोखर वापरात येणारं हवं, पण ग्राहकाला दिलेली तारीख त्यावर अडलेली नको. जुन्या मॉड्यूलच्या टेस्ट लिहिणं किंवा ऑफिसपुरता डॅशबोर्ड बनवणं अशी कामं चालतात. सोबत शिकवणाऱ्याचं नाव लिहा. एका सीनियरकडे दोनपेक्षा जास्त इंटर्न देऊ नका. पहिला महिनाभर त्याचा रोज एक तास यात जाणार, तेवढं त्याचं काम आधीच कमी करा. हा तास निघत नसेल तर यंदा इंटर्न घेऊच नका.

जाहिरातीत काम, कालावधी, वेळ, जागा आणि स्टायपेंडचा आकडा स्पष्ट लिहा. 'आकर्षक स्टायपेंड' असं लिहिलं, की बाहेरगावच्या मुलाला खोलीभाडं परवडेल का हे कळत नाही आणि तो अर्जच करत नाही. इंटर्नशिपसाठी मुलांकडूनच फी घेणं सरळ चुकीचं आहे. इंजिनिअरिंगचं शेवटचं सत्र साधारण जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे कॉलेजच्या टीपीओंशी (प्लेसमेंट बघणाऱ्या अधिकाऱ्यांशी) सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच बोला. सबमिशन आणि परीक्षेच्या तारखा, कॉलेजची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि स्वतःचा लॅपटॉप आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्या. इंटर्नशिप अर्ध्यात तुटते ती बहुधा याच गोष्टींवरून.

गुणांची चाळणी फार बारीक लावू नका. एखादी केटी (नापास विषय) राहिली म्हणून अर्ज बाजूला टाकला, तर घरी बसून चार प्रोजेक्ट केलेली मुलगीही हातची जाते. त्याऐवजी दीडशे-दोनशे ओळींचा, मुद्दाम दोन चुका ठेवलेला प्रोग्रॅम द्या. तो दोन तासांत सुटण्याजोगा असावा. कंपनीचं खरं काम 'चाचणी' म्हणून फुकट करून घेऊ नका. एआयची मदत घेऊ द्या, पण कुठे अडलात आणि काय करून पाहिलंत हे अर्धं पान लिहून मागा.

खरी परीक्षा त्यानंतरच्या वीस मिनिटांत होते. त्यांच्याच कोडमधली एक ओळ दाखवून विचारा, 'ही काढली तर काय बिघडेल?' उत्तर नुसतं उतरवलेलं असेल तर इथे लगेच कळतं. हे बोलणं मराठीत होऊ द्या. तालुक्याच्या गावाहून आलेली कितीतरी मुलं इंग्रजीत दोन वाक्यांवर थांबतात आणि मराठीत तोच लूप नीट उलगडून सांगतात. 'हे मला माहीत नाही, पण असं शोधेन' असं म्हणणाऱ्याला जास्त गुण द्या. मुलाखतीला दोघं असाल तर आपापले गुण आधी लिहा, चर्चा मग करा. नाहीतर ज्येष्ठ माणसाचंच मत दोघांचं होतं.

कंपनीत ३० किंवा अधिक माणसं असतील तर १९६१ चा शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) कायदाही पाहावा लागतो. त्यात मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे.

निवड न झालेल्यांना आठवड्याच्या आत कळवा. निवडलेल्यांचं लॉगिन आणि बसायची जागा रुजू होण्याच्या आदल्या दिवशीच तयार ठेवा, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचा एखादा छोटा बदल लाइव्ह जाऊ द्या.