तुम्ही विचारलंत म्हणून: हे जगही एक गेमच असेल का?

‘लेकरू दिवसभर गेम खेळतं आणि रात्री जेवताना विचारतं, आपणही कुणाच्या गेममधलेच असलो तर? त्याला काय सांगायचं?’ लातूर-नांदेडकडचे पालक हे फार विचारतात. शिकवणीची मुलंही विचारतात.

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. निक बॉस्ट्रॉम या तत्त्वज्ञाने २००३ मध्ये तो रीतसर मांडला. त्याचं म्हणणं असं की तीनपैकी एक गोष्ट खरी असणार. एक तर आपल्यासारखे जीव अख्खं जग चालवू शकतील एवढे मोठे संगणक बनवण्याआधीच संपतात, किंवा बनवूनही असली जगं, म्हणजे सिम्युलेशन, चालवत नाहीत, नाहीतर आपण जवळजवळ नक्कीच अशा एका चालवलेल्या जगात आहोत. या सगळ्याखाली एक गृहीत आहे: मन संगणकावर चालू शकतं. ते कुणी सिद्ध केलेलं नाही, म्हणून तिसऱ्या पर्यायावर लगेच उडी मारू नये.

लेकराला समजवायचं तर त्याच्याच गेमपासून सुरुवात करा. प्रत्येक गेम काम वाचवतो, आणि वाचवलेल्या कामाची खूण कुठे ना कुठे राहते. मग एवढंच विचारायचं की आत राहणाऱ्याला त्यातली कुठली खूण दिसेल?

पहिली खूण गेम अडकण्याची. ती आतून दिसणार नाही. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेमचं जग सेकंदाला २० ठोक्यांवर चालतं, म्हणजे सेकंदात २० वेळा पुढे सरकतं, आणि २४,००० ठोक्यांचा, म्हणजे २० मिनिटांचा, एक दिवस होतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत फोन तापला की प्रोसेसर आपला वेग उतरवतो. ठोके २० वरून १० वर आले की गाय, पाणी, सूर्य सगळंच निम्म्या वेगाने चालतं. बाहेरून आपल्याला ते कळतं. आतल्या माणसाचं घड्याळही तेवढंच मंदावलेलं असतं, त्यामुळे त्याचा दिवस २४,००० ठोक्यांचाच भरतो. म्हणून ‘कधीकधी काळ थांबल्यासारखा वाटतो’ हा पुरावा होत नाही.

दुसरी खूण लोक हमखास चुकीची लावतात. गेम पाठीमागचं जग रंगवत नाही, आणि इलेक्ट्रॉनसारखा क्वांटम कणही मोजल्याशिवाय नेमका कुठे आहे ते ठरत नाही, म्हणजे दोन्हीकडे एकच युक्ती, असं म्हणतात. तसं नाही. गेममध्ये पाठीमागची भिंत फक्त रंगवलेली नसते. ती कुठे आहे हा आकडा मेमरीत असतोच. क्वांटममध्ये हिशेब उलटा आहे, न मोजलेली स्थितीच महाग पडते. नुसत्या ३० क्युबिटची (क्वांटम संगणकातल्या बिटांची) पूर्ण स्थिती साठवायला १६ जीबी रॅम लागते, म्हणजे चांगल्या गेमिंग पीसीची सगळी मेमरी. पुढे प्रत्येक क्युबिटला ती दुप्पट होते: ३१ ला ३२ जीबी, ४० ला सोळा हजार जीबी, ५० ला दीड कोटी जीबीच्याही वर. आपल्यासारख्या संगणकावर काम वाचवू पाहणारा माणूस असले नियम निवडणार नाही. मला सगळ्यात वजनदार वाटतो तो हाच मुद्दा.

तिसरी खूण मात्र आतूनही दिसते. ती आकड्यांच्या काटछाटीची. बहुतेक गेम वस्तूची जागा ३२ बिटांच्या आकड्यात ठेवतात, आणि त्यात साधारण सातच अंक मावतात. समजा नकाशाचा शून्य बिंदू दौलताबादच्या किल्ल्यावर ठेवला आणि एकक मीटर धरलं. किल्ल्याच्या पायथ्याशी केसाहूनही बारीक हालचाल नोंदवता येते. खेळाडू नांदेडला पोचला, म्हणजे सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर, की सहा अंक मीटरमध्येच खर्च होतात आणि दोन शेजारच्या जागांमध्ये दीड सेंटिमीटरची फट पडते. मग हातातली बंदूक थरथरते, बोटं तुटक हलतात. यावर उपाय असा की खेळाडू काही किलोमीटर सरकला की सगळं जग उचलून मागे न्यायचं आणि त्याला पुन्हा शून्याजवळ आणायचं. खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

हे घरी बघता येतं. मोबाइलवरच्या माइनक्राफ्टमध्ये नवीन जग बनवा, क्रिएटिव्ह मोड ठेवा, चीट्स चालू करा. जुन्या जगात करू नका, कारण चीट्स एकदा चालू केले की त्या जगात अचीव्हमेंट कायमच्या बंद होतात. आधी शून्याजवळ चालून पाहा. मग चॅटमध्ये तिरकी रेघ, लगेच टीपी ही दोन इंग्रजी अक्षरं, आणि जागा सोडून २०००००० १५० ० असे आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाका. वीस लाख ठोकळ्यांवर एक अष्टमांश ठोकळ्यापेक्षा लहान पाऊल नोंदवताच येत नाही. चालण्याचा वेग एका ठोक्याला सुमारे ०.२२ ठोकळा असतो, म्हणून चाल गचके खाते. कॉम्प्युटरच्या जावा आवृत्तीत हा प्रयोग फसतो, कारण तिथे जागेसाठी ६४ बिट वापरतात.

खऱ्या जगातही असा गचका शोधून पाहिलेला आहे. सायलस बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅव्हेज या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवलं की अवकाश चौकोनी जाळीवर चालत असेल, तर अंतराळातून येणारे सर्वाधिक ऊर्जेचे वैश्विक किरण सगळ्या दिशांना सारखे वागणार नाहीत, जाळीच्या रेषांचा ठसा त्यांच्यावर उमटेल. तसा ठसा सापडलेला नाही. त्याआधी १० मे २००९ रोजी फर्मी या अंतराळातल्या दुर्बिणीने एक गॅमा स्फोट, म्हणजे फार दूरवरून आलेला अतितीव्र किरणांचा झोत, टिपला. ७०० कोटी वर्षांहून जास्त प्रवास करून आलेल्या त्या प्रकाशातला फार मोठ्या ऊर्जेचा एक कण स्फोट सुरू झाल्यापासून सेकंदाच्या आतच पोचला. अवकाश दाणेदार मानणाऱ्या काही सिद्धांतांप्रमाणे तो मागे रेंगाळायला हवा होता.

यावर घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, ‘म्हणजे मायाच की ही!’ दोन्ही एक नव्हेत. सिम्युलेशनला बाहेर एक यंत्र आणि चालवणारा लागतो. आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी जगाला चैतन्याचाच विलास म्हटलं, तिथे बाहेर कुणी उरतच नाही. त्या बोलण्याला प्रयोगाची पट्टी लावू नये.

हिंगोलीकडचे लोक हल्ली आणखी एक विचारतात: औंढा नागनाथजवळ लायगो ही वेधशाळा होतेय, त्याने हे ठरेल का? २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटींची मंजुरी मिळालेला हा प्रकल्प गुरुत्वीय लहरींसाठी, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या सूक्ष्म तरंगांसाठी, आहे. त्याच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी टिपायचा आहे. पण अवकाशाचा सर्वांत लहान दाणा प्लांक लांबी या भौतिकशास्त्रातल्या अतिसूक्ष्म मापाएवढा असेल, तर तो या फरकापेक्षाही जवळपास सोळा शून्यांनी लहान आहे. लायगोच्या मोजपट्टीला तो दिसणार नाही.