खलंगा: गुरख्यांना शत्रूने बांधलेलं स्मारक

डेहराडूनला उतरलेला मराठी माणूस चहा संपायच्या आत मसुरीची गाडी शोधायला लागतो. आम्ही वाट वाकडी करून सहस्रधारा रोडवरच्या खलंगा स्मारकाला गेलो. 1814 च्या इंग्रज-नेपाळ युद्धातल्या एका वेढ्याची ही आठवण.

शेजारीशेजारी दोन पांढरे स्तंभ, बस्स. एक इंग्रजांचा जनरल गिलेस्पी आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पडलेल्या सैनिकांसाठी. दुसरा ज्यांनी त्यांना पाडलं त्या नेपाळी सेनानी बलभद्र कुंवर आणि त्याच्या गुरख्यांसाठी! दोन्ही इंग्रजांनीच उभारलेले. शिलालेखात बलभद्राला चक्क 'आमचा शूर प्रतिस्पर्धी' म्हटलंय.

वर नालापाणीच्या टेकडीवर, सालवृक्षांच्या जंगलात गुरख्यांचा खलंगा किल्ला होता. तोही अर्धवट बांधलेला. आत बायकापोरांसकट सहाशेच्या आसपास माणसं. 31 ऑक्टोबर 1814 ला गिलेस्पी स्वतः पुढे घुसला आणि गोळी लागून जागीच पडला. 27 नोव्हेंबरचा हल्लाही फसला. मग इंग्रजांनी पाणी तोडलं आणि तोफांचा मारा चालूच ठेवला. शेवटी 30 तारखेला बलभद्र उरलेल्या सत्तरेक जणांना घेऊन वेढा फोडून निघून गेला.

या वेढ्यातला एक प्रसंग इंग्रजांनीच लिहून ठेवलाय. गोळीबार चालू असताना एक गुरखा हात हलवत त्यांच्याकडे आला. गोळ्याने जबडा फुटलेला. डॉक्टरांनी उपचार केले. बरा झाल्यावर गड्याने परत जायची परवानगी मागितली. कशाला? तर पुन्हा यांच्याशीच लढायला.

असली माणसं आपल्याकडे हवीत, हे कंपनीने लगेच ओळखलं. 1815 मध्येच गुरखा पलटणी उभ्या राहिल्या. त्यातली सिरमूर बटालियन पुढे डेहराडूनलाच होती. 1857 मध्ये ती दिल्लीच्या टेकडीवर एक वाडा धरून लढली. वाडा कुणाचा, तर कागलच्या हिंदुराव घाटग्यांचा, म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या भावाचा! 490 पैकी 327 जण मेले किंवा जखमी झाले, पण वाडा सोडला नाही. लढले मात्र इंग्रजांकडून. नालापाणीला ज्यांनी माझं मन जिंकलं, त्यांचं इथे तसंच कौतुक करणं मला जड जातं. शौर्य तेच आहे, हे मात्र नाकारता येत नाही.

दिल्लीत त्या जागेला अजून हिंदुरावांचंच नाव आहे. तिथे आता मोठं सरकारी हॉस्पिटल आहे.