कर्कस्टॉल ॲबी: स्टेशनच्या नावाला भुलू नका

इंग्लंडमधल्या लीड्सला येणाऱ्यांनो, आधीच सांगतो: ॲबी, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष, बघायला कर्कस्टॉल फोर्ज स्टेशनवर उतरू नका. ‘उतरलात की समोरच’ असं आम्हाला छातीठोकपणे सांगण्यात आलं होतं. स्टेशन २०१६ सालचं, चकाचक. पण तिथून ॲबीपर्यंत ए६५ या हमरस्त्याच्या कडेने तंगडतोड. कानाशी ट्रक, वरून पाऊस, छत्री उलटी, पोरं रडकुंडीला. भिकार रस्ता, दुसरा शब्द नाही. लीड्समधून ए६५ने जाणारी बस पकडा, ती ॲबीपाशीच सोडते. नाहीतर हेडिंग्ली स्टेशनवरून उतार उतरत या. (हो, तेच हेडिंग्ली. १९८६ला वेंगसरकरने तिथे नाबाद १०२ काढले होते.)

आता पुढचा घोळ. ‘ॲबीतलं संग्रहालय’ ऐकून पडक्या चर्चमध्ये शोधत फिरू नका. ॲबी हाउस म्युझियम आहे रस्त्यापलीकडे, मठाच्या जुन्या वेशीच्या इमारतीत. म्हणजे परत ए६५! मुलांचे हात घट्ट धरा.

या रस्त्याला शिव्या घालायचं माझं काही संपेना, आणि मग कळलं की १८२७ पर्यंत तो चक्क चर्चच्या पोटातून जायचा. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचे मठवासी ११५२ साली इथे येऊन राहिले ते एकांतासाठी. १५३९ला राजा आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला आणि पुढे जिथे स्तोत्रं म्हटली जायची तिथून घोडागाड्या धावू लागल्या. १७७९ मध्ये मनोऱ्याचा बराच भाग ढासळला. चर्चला बहुतेक ठिकाणी छप्पर नाही, त्यामुळे पावसात इथे फारसा आडोसा मिळेल अशी आशा ठेवू नका.

संग्रहालय मात्र पैसा वसूल. व्हिक्टोरियन काळातल्या गल्ल्याच आत उभ्या केल्यात: दुकानं, पब, धुणी धुऊन पोट भरणाऱ्या विधवेचं घर. ओल्या बुटांनी फरसबंदीवर चपक-चपक करत पोरं एका दारातून दुसऱ्या दारात घुसत होती, रडणं कुठल्या कुठे. ॲबी आधी आटपा, हे शेवटी ठेवा. उलट केलंत तर पोरं बाहेर निघणार नाहीत.

संग्रहालयाचं तिकीट वेगळं काढावं लागतं. सोमवारी जाऊ नका, इतर दिवशीही वेळ बघूनच निघा. आणि कुणी लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या काठाने चालत या म्हणालं, तर ब्रिज रोडपाशीच काठ सोडा. पुढे गेलात की मध्ये रेल्वे आणि एअर नदी. ॲबी दिसते, पण पोचायची सोय नाही.