"ब्रेक नीट लागत नाहीत" एवढ्यावर तक्रार टिकत नाही

सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, "ब्रेक नीट लागत नाहीत, बघावे" एवढंच लिहून दिलं की गाडी "दोष आढळला नाही" असा शेरा घेऊन परत येते. मेकॅनिक खोटंच बोलतो असं नाही. गार गाडीत, सपाट रस्त्यावर त्याला खरंच काही सापडलेलं नसतं. म्हणून दोष कधी दिसतो ते आधी लिहा: वेग किती होता, इंजिन गरम होतं की थंड, पाऊस होता का, स्टिअरिंग सरळ होतं की वळलेलं.

ब्रेकचंच घ्या. गाडी उभी, इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणाऱ्या भागाच्या, आतल्या सीलवर. लांब उतार उतरल्यावरच पेडल स्पंजी होत असेल तर आधी ब्रेक ऑइल बघा. ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट आहे, पण ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही अट १५५ अंशांवर येते. उकळलं की वाफ होते, आणि पेडलचा जोर ती वाफ दाबण्यातच जातो. हा देखभालीचा प्रश्न झाला, कंपनीचा नव्हे. झीज आणि दोष यांची गल्लत केली की तक्रार फेटाळायला आयतं निमित्त मिळतं. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल तर ब्रेकच्या डिस्कची जाडी असमान झाली असण्याचा संशय घ्या; ती जाडी मायक्रोमीटरने परिघावर सात-आठ ठिकाणी मोजायला लावा आणि ते आकडे कार्डवर लिहून घ्या.

डॅशबोर्डवरचा दिवा घालवण्यासाठी बॅटरीची केबल काढू नका. गाडीच्या संगणकाने नोंदलेल्या इंजिनच्या दोषाच्या कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान. केबल काढली की बऱ्याच गाड्यांत हे पुसलं जातं आणि हातातला पुरावाच जातो. आधी हे कोड वाचणाऱ्या स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढा. सीट मागे-पुढे केल्यावर एअरबॅगचा दिवा लागत असेल तर सीटखालच्या कनेक्टरवर संशय घ्यायला हरकत नाही, पण त्याला मल्टीमीटर लावू नका. मीटरच्या करंटनेही एअरबॅग फुटू शकते.

बदललेला पार्ट मागून घ्या. वॉरंटीत तो कंपनीकडे जातो, तेव्हा निदान पार्ट नंबर, उत्पादनाची तारीख आणि तुटलेली जागा यांचे फोटो तरी घ्या. नुसता नंबर पुरत नाही. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचमध्ये चावी जागेवर धरून ठेवणारी अडवणूक कमी पडायची, त्यामुळे धक्क्याने किंवा चाव्यांच्या जड जुडग्याने चावी मागे सरकून इंजिन बंद पडायचं, पॉवर स्टिअरिंग जायचं, एअरबॅगही उघडायची नाही. पुढे सुधारित स्विच आला, पण पार्ट नंबर तोच ठेवला गेला. जुन्या आणि नव्या गाड्या ताडून पाहणाऱ्यांना त्यामुळे फरक कळणं अवघड झालं. रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं, २०१४ मध्ये झाला आणि भरपाई योजनेत १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले.

रिकॉल मॉडेलवरून नाही, १७ अक्षर-अंकांच्या चासी नंबरवरून तपासा. त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात, म्हणजे दिसतो तो एक किंवा शून्यच. सेकंड-हँड गाडी असेल तर कंपनीचं पत्र बहुधा जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असतं. एकदा "रिकॉल नाही" असं उत्तर आलं तरी दर सर्व्हिसला पुन्हा बघा. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं, फुगवण्यासाठी वापरलेलं अमोनियम नायट्रेट दमट हवा आणि उष्णता यांनी वर्षानुवर्षं खराब होत गेलं आणि मग इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारा डबा, फुटून धातूचे तुकडे उडाले. नव्या गाडीत ही झीज सहसा दिसली नसती.

सर्व्हिस सेंटरला फक्त तुमची गाडी दिसते. सरकारी वाहन-सुरक्षा यंत्रणेकडे त्याच दोषाच्या दहा नोंदी एकत्र येतात, म्हणून तिथेही तक्रार नोंदवा, दुरुस्ती फुकट झाली असली तरी. चासी नंबर, किलोमीटर, तारीख आणि दोषाची परिस्थिती, बस. संतापाचे परिच्छेद कोणी वाचत नाही.

पेट्रोलचा वास येत असेल, स्टिअरिंग अडकत असेल किंवा पेडल तळाला जात असेल तर गाडी चालवत नेऊ नका. टो करून न्या, आणि टो का करावी लागली ते जॉब कार्डवर लिहून घ्या.