मुलांच्या खोलीसाठी पावणेसोळा इंची कपाट

आधी एक घोळ मिटवू. मराठीत रूमलाही खोली म्हणतात आणि डेप्थलाही. सुतार 'डेप्थ' म्हणतो, तेच बरं. कारण आठ बाय दहाच्या बेडरूममध्ये जागेचा सगळा हिशोब या डेप्थवरच फिरतो. लोक मात्र कपाटाच्या दारापासून सुरुवात करतात. 'जागा कमी आहे ना, मग स्लायडिंगच करा' हा सल्ला इतका सर्रास मिळतो की कोणी टेप लावून बघतच नाही.

लावून बघा. खोलीची रुंदी 96 इंच. एका भिंतीला 36 इंची सिंगल बेड, समोरच्या भिंतीला कपाट. नेहमीच्या दोन फुटी कपाटात भिंतीपासून पल्ल्यापर्यंत (पल्ला म्हणजे कपाटाचं दार) साडेपंचवीस इंच जातात आणि मध्ये साडेचौतीस उरतात. त्यात साडेबावीस इंची पल्ला उघडला की पल्ला आणि बेड यांच्यात बारा इंच. मूल तिथे उभंसुद्धा राहणार नाही. स्लायडिंग केलं तर पल्ला बाहेर येत नाही, पण दोन पल्ले एकापुढे एक सरकायला तीनेक इंच जादा लागतात. म्हणजे डेप्थ सत्तावीसच्या पुढे, आणि एका वेळी अर्धंच कपाट उघडणार. शिवाय खालच्या ट्रॅकमध्ये खडू, लेगोचे तुकडे, पेन्सिलचा भुगा. मुलांच्या खोलीत तो ट्रॅक दर आठवड्याला साफ करावा लागतो, आणि करत कोणी नाही. मग पल्ला रोलरवरून उतरतो.

आता डेप्थच पावणेसोळा करा. मागची फट आणि पल्ल्याची जाडी धरून साडेसतरा इंच. मध्ये साडेबेचाळीस उरतात. पल्ले पंधरा-पंधरा इंचाचे तीन केले तर पल्ला उघडूनही साडेसत्तावीस इंच मोकळे. साधे बिजागरीचे पल्ले, आणि पल्ले उघडले की समोर सगळं दिसतं.

पावणेसोळाच का, तर प्लायची शीट 8 बाय 4 फुटांची असते. 48 इंचातून करवतीची कापणी वजा जाता पावणेसोळाच्या तीन पट्ट्या बसतात. अठरा धरलात तर दोनच पट्ट्या आणि साधारण बारा इंचांचा तुकडा वर, आणि त्या तुकड्याचे पैसे आपलेच. 45 इंच रुंद, 84 इंच उंच कपाटाचं गणित छान जमतं. 18 मिमीची एक शीट दोन बाजू आणि मधल्या उभ्या पार्टिशनला, एक तीन पल्ल्यांना, तिसरी वर-खाली आणि आडव्या फळ्यांना. पाठीला 6 मिमीची एक शीट, ड्रॉवरला 12 मिमीची अर्धी. बाहेरून 1 मिमी लॅमिनेटची एक शीट पल्ल्यांना (कपाटाची बाजू उघडी दिसत असेल तर तिची वेगळी), आतून 0.8 मिमीचं लायनर, म्हणजे आतल्या बाजूचं पातळ लॅमिनेट, पाच शीट. यापेक्षा बरंच जास्त सामान यादीत दिसलं तर कटिंगचा नकाशा मागा. चांगला सुतार तो कागदावर काढून देतो.

आतल्या लायनरवर काटकसर करू नका. पल्ल्याला बाहेरून लॅमिनेट आणि आतून नुसता रंग दिला की दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही. पावसाळा उलटेपर्यंत सात फुटी पल्ला धनुष्यासारखा वाकतो, वरचा कोपरा दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे येतो आणि मग बिजागरी कितीही पिळा, तो बसत नाही. दोष बिजागरीचा नसतो.

मुलांचा हँगर 11-12 इंचांचा असतो, तो या डेप्थमध्ये आरामात मावतो. मोठ्यांचा सतरा इंची मावत नाही. म्हणून पार्टिशन मधोमध टाकू नका. एका बाजूला दोन पल्ल्यांचा 28 इंची खण, दुसऱ्या बाजूला एका पल्ल्याचा अरुंद खण. मूल दहा-अकराचं झालं की मोठ्या खणातला आडवा दांडा काढून वरच्या फळीखाली पुढे ओढायचा 14 इंची रॉड लावायचा. कपडे मग आपल्याकडे तोंड करून लटकतात. अरुंद खणात मोठा हँगर रुंदीतही मावत नाही. हा बदल आज ठरवला नाही तर पाच वर्षांनी नवं कपाट.

दांडा आत्ता जमिनीपासून 40 इंचांवर. पाच वर्षांचं मूल साधारण 42 इंच उंच असतं, हात सहज पोचतो. युनिफॉर्मचा शर्ट वीस इंचांच्या आत असतो, त्यामुळे खाली दप्तराला जागा राहते. फळ्या खिळ्यांनी ठोकून पक्क्या करू नका. दोन्ही बाजूंना 32 मिमी अंतरावर भोकं पाडून पिनांवर ठेवा. दोन फळ्यांत दहा इंच पुरेत. चौदा ठेवले की घड्यांची चळत उंच होते आणि खालचा टी-शर्ट ओढला की सगळी आडवी. 28 इंची फळी 18 मिमी प्लायची असेल तर वाकत नाही. तीच पार्टिकल बोर्डची असेल तर गोधड्या ठेवल्यावर वर्षभरात पोट सुटतं.

सगळ्यात जास्त चुकतो तो ड्रॉवर. चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच खातं, म्हणून ड्रॉवरचा खोका खणापेक्षा बरोबर एक इंच अरुंद हवा. दोन मिमी जास्त झाला तर घासतो, कमी झाला तर बॉल बेअरिंग सुटतात. या डेप्थला 14 इंची चॅनेल घ्या. सोळा इंची मागे पाठीला टेकतं. आणि कपाट भिंतीच्या कोपऱ्यात असेल तर कडेचा पल्ला नव्वद अंशांच्या पुढे उघडत नाही. मग ड्रॉवर बाहेर काढताना पल्ल्याच्या आतल्या बाजूवर आपटतो. महिनाभरात तिथलं लॅमिनेट खरवडलेलं दिसतं. उपाय साधा: बिजागरीच्या बाजूला दोन इंचांची उभी पट्टी मारून ड्रॉवर तेवढा पल्ल्यापासून दूर बसवायचा. खोका कापण्याआधी हे ठरलं पाहिजे.

बिजागऱ्या प्रत्येक पल्ल्याला चार, म्हणजे बारा. दोन्ही टोकांच्या पल्ल्यांना झिरो क्रँकच्या, म्हणजे सरळ दांडीच्या, आठ; त्यांचा पल्ला फळीची पूर्ण कड झाकतो. मधला पल्ला पार्टिशनवर लटकतो आणि त्याच फळीवर शेजारचा पल्ला मिटतो, म्हणून त्याला आठ क्रँकच्या, म्हणजे वाकड्या दांडीच्या आणि अर्धीच कड झाकणाऱ्या, चार. दुकानात 'बारा सॉफ्ट क्लोज द्या' एवढंच सांगितलं की बाराही झिरोच्या मिळतात आणि मधले पल्ले एकमेकांवर चढतात.

हँडल बाहेर आलेलं नको. मुलाचं कपाळ त्याच उंचीवर असतं. पल्ल्याच्या कडेला खाचेचं प्रोफाइल लावलं की काम झालं. आरसा लावायचाच तर ॲक्रिलिकचा.

प्लाय कोणता? कोरड्या भिंतीला आयएस 303 या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा, पुरतो. बाहेरची किंवा बाथरूमची भिंत असेल तर आयएस 710, म्हणजे मरीन प्लाय. पण प्लाय कितीही भारी घ्या, ओल्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटात ऑगस्टमध्ये कपड्यांना कुबट वास येणारच. मुंबई-कोकणात तर दुसरी भिंत निवडा. नाइलाज असेल तर मागे इंचभर फट, पाठीच्या मागच्या बाजूला प्रायमरचा हात आणि खाली तीन इंची स्कर्टिंगला हवेसाठी भोकं. प्लाय ई-1 किंवा ई-0 चा, म्हणजे गोंदातला फॉर्मल्डिहाइड वायू कमी सोडणारा, मागा, आणि काम झाल्यावर पंधरा-वीस दिवस पल्ले सताड उघडे ठेवून मगच मुलाला त्या खोलीत झोपवा.

माप घेताना रुंदी तीन ठिकाणी घ्या: खाली, मध्ये, वर. भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतात. जुन्या इमारतीत वर-खाली इंचाचा फरक निघतो. सगळ्यात कमी आलेलं माप धरायचं, उरलेली फट पट्टीने झाकायची. जमिनीलगतची टाइलची स्कर्टिंग भिंतीच्या पुढे आलेली असते, तेवढा बॉक्सच्या खालच्या कोपऱ्याला खाचा पाडायला सांगा. स्विचबोर्ड पल्ल्यामागे जात नाही ना, हेही तेव्हाच बघा.

कमी डेप्थच्या कपाटाची एक उणी बाजू आहे: ते पुढे कलंडू शकतं. मूल ड्रॉवर उघडून त्यावर पायरीसारखं चढतं. 2016 साली आयकियाने अमेरिकेत 2 कोटी 90 लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली, ती अशी कपाटं अंगावर पडून मुलं दगावल्यामुळेच. वरच्या बाजूला दोन एल क्लॅम्प भिंतीत पक्के करा. विटांच्या भिंतीत साधी गट्टी (स्क्रूसाठी भिंतीत बसवतात तो प्लग) धरते. नव्या इमारतीत आतल्या भिंती बहुधा हलक्या ब्लॉकच्या असतात, कारागीर सरसकट 'सिपोरेक्स' म्हणतात त्या. तिथे साधी गट्टी हाताने ओढली तरी निघते. त्या ब्लॉकसाठी वेगळे लांब नायलॉन प्लग मिळतात, तेच आणून सुतारासमोर ठेवा. नंतर सगळे ड्रॉवर एकदम उघडा, वरची कड धरून पुढे ओढा. कपाट सूतभरही हललं तर शेवटचा हप्ता देऊ नका.