सासवडपर्यंतचं कीर्तन

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात ‘रोज लागत नाही हो, कधीतरीच लागतं’ असं कुणी म्हटलं की पुढचं वाक्य ‘स्वस्तातलं द्या’ हेच असणार. त्यात गैर काही नाही. वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या वस्तूवर पैसे कशाला ओतायचे? मीही बहुतेकांना स्वस्तच सुचवतो. फक्त एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह, स्वस्त करताना कंपनीनं नेमकं काय कापलंय, ते बघावं लागतं. वेग कापला असेल तर कधीतरी वापरणाऱ्याचं काही बिघडत नाही. यंदा श्रावणात दुकानात जे आलं, त्यात मात्र वस्तूच कापलेली होती.

आमच्या सोलापूर भागातले एक वारकरी काका. कपाळाला बुक्का, हातात कापडी पिशवी, बोलताना समोरच्या प्रत्येकाला माउली. ज्ञानोबांच्या पालखीसोबत आळंदीपासून चालतात आणि दिंडीतलं रोजचं कीर्तन मोबाईलवर उतरवून घेतात. गावात सप्ताह बसणार होता, तिथं ते पडद्यावर दाखवायचं होतं. पिशवीतून त्यांनी बोटभर लांबीची एक चकचकीत डबी काढली. वर ‘2 टीबी एसएसडी’ छापलेलं. ऑनलाइन बाराशेला घेतलेली.

“माउली, यात सगळं दिसतंय, पण वाजत नाही. आणि असलीच आणखी एक हवी होती, स्वस्तातली. वारीपुरतीच लागते.”

बाराशेत दोन टीबी म्हटल्यावरच मी काय ते समजलो होतो, पण बघितल्याशिवाय बोलायचं नाही हा धंद्यातला नियम. डबी जोडली. विंडोज मोजताना हजाराऐवजी 1024 चा हिशेब धरतं, म्हणून खरी दोन टीबीची ड्राइव्ह तिथं 1.81 टीबी दिसते. ही 1.95 दाखवत होती, म्हणजे खऱ्यापेक्षाही भरघोस!

आत मुक्कामवार फोल्डर. पुतण्यानं निघण्याआधीच लॅपटॉपवर करून दिलेले: आळंदी, पुणे 1, पुणे 2, सासवड 1, सासवड 2, जेजुरी, वाल्हे, लोणंद, असे थेट वाखरीपर्यंत. काका रोज रात्री ओटीजीची वायर लावून मोबाईलमधलं रेकॉर्डिंग त्यात टाकायचे आणि मोबाईल रिकामा करायचे. आळंदीचं कीर्तन लागलं, पुण्याची दोन्ही लागली, सासवडचं पहिलं लागलं. दुसरं लागलं आणि अभंगाचं चरण सुटायच्या आत थिजलं. जेजुरीपासून पुढं फाइलीचं नाव बरोबर, आकार बरोबर, आत मात्र काही नाही.

जेवढं निघतंय तेवढं आधी माझ्याकडं उतरवून घेतलं आणि मग काकांसमोरच डबी उघडली. स्क्रू नव्हतेच, नुसती चिकटवलेली. आत हिरवी पट्टी, तिच्यावर गोंदाच्या थेंबाखाली मोबाईलमध्ये घालतो तसलं एक मेमरी कार्ड, आणि हाताला वजन लागावं म्हणून लोखंडाचा तुकडा. एसएसडी म्हणावं असं त्यात काहीही नव्हतं. मग ते कार्ड पुसून त्यावर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू चालवलं. एका जर्मन कॉम्प्युटर मासिकाचं हे जुनं, फुकट सॉफ्टवेअर. ते एकेक जीबीच्या फाइली लिहितं आणि परत वाचून ताडून बघतं. पूर्ण दोन टीबी तपासायला दीड-दोन दिवस गेले असते, म्हणून शंभर जीबीपुरतंच लावलं. लिहिताना एकही चूक नाही. वाचताना साठच्या आसपास सगळं संपलं.

काकांचा प्रश्न रास्त होता: “मग टाकताना का बोललं नाही?”

कारण त्यातल्या कंट्रोलरला, म्हणजे लिहिणं-वाचणं सांभाळणाऱ्या चिपला, खोटं बोलायलाच शिकवलेलं असतं. साठ जीबी भरल्यावर येणारा डेटा तो सोडून देतो आणि मोबाईलला ‘लिहिलं’ असं कळवतो. फोल्डर सुरुवातीलाच केलेले, त्यामुळं त्यांची यादी खऱ्या जागेत बसली होती. म्हणून नावं सगळी शाबूत. फोनचा फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला सव्वाशे एमबीच्या आसपास जातो, म्हणजे दोन तासांच्या कीर्तनाला पंधरा जीबी. साठात चार कीर्तनं. सासवड ओलांडणं शक्यच नव्हतं. मोबाईलमधूनही पुसलेलं परत येईना. आजच्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होऊनच बसतो, पुसला की मागं वाचण्याजोगं काही राहत नाही. परत करायची मुदत तर काका वाटेत असतानाच संपलेली.

आता नवी कोणती? दुकानात एक टीबीची दाखवली असती तर काकांनी त्या क्षणी घेतली असती. पण अठरा-वीस कीर्तनं म्हणजे तीनशे जीबी. 240 पुरत नाही, 480 पुरून उरते. नावाजलेल्या कंपनीची सगळ्यात साधी 2.5 इंची साटा एसएसडी, लॅपटॉपच्या आत बसते तसली, काढली आणि तिला यूएसबीचा केस, म्हणजे बाहेरचं कवच, घातला. या स्वस्त ड्राइव्हमध्ये डीरॅम, म्हणजे मदतीची वेगवान मेमरी, नसतो. एकदम पन्नास-शंभर जीबी ओतले की कॅश, म्हणजे येणारा डेटा आधी झेलणारी वेगवान जागा, भरते आणि वेग कधी कधी हार्ड डिस्कच्याही खाली येतो. गेम खेळणारी पोरं यावर तासन् तास वाद घालतात. रात्री तंबूत पंधरा जीबी टाकून झोपणाऱ्या माणसाला काय फरक पडतो?

खोक्यावरच्या टीबीडब्ल्यूचंही तसंच. एकूण किती टीबी लिहिण्याची हमी आहे, तो आकडा. या वर्गात 120 टीबी वगैरे असतो. वर्षाला तीनशे जीबीनं तुकोबांच्या काळापासून प्रत्येक वारी उतरवली असती तरी तो अजून संपला नसता. काका यावर मनापासून हसले, त्या दिवसात पहिल्यांदाच.

कधीतरी वापरणाऱ्यानं विचारायचा प्रश्न वेगळाच असतो: उरलेले महिने ती कुठं पडून राहणार? एसएसडीत डेटा म्हणजे विद्युतभार, तो वीज नसताना हळूहळू गळतो आणि उष्णतेत जास्त गळतो. जेडेक या मेमरी-चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाप्रमाणे घरगुती एसएसडीनं, लिहिण्याची सगळी हमी वापरून संपल्यावरही, 30 अंशांत वीज न देता वर्षभर डेटा धरला पाहिजे. नवी ड्राइव्ह त्याहून पुष्कळ जास्त धरते, घाबरायचं कारण नाही. पण काकांचं लोखंडी कपाट पत्र्याखाली आणि आमचा मे महिना 43-44 अंशांचा. त्यामुळं सांगितलं, एसएसडी फक्त वाटेपुरती. ट्रकच्या धक्क्यांत हार्ड डिस्क टिकत नाही, ही टिकते. घरी आल्यावर सगळं साध्या हार्ड डिस्कवर उतरवायचं आणि एसएसडीतलंही पुसायचं नाही. मधे दिवाळीला, गुढीपाडव्याला लॅपटॉपला लावून फाइली खरोखर उघडायच्या. नुसतं जोडून ठेवल्यानं सगळं ताजं होईलच असं नाही.

“म्हणजे दोन घ्यायच्या? मी स्वस्तातलं म्हणालो होतो, माउली.”

हार्ड डिस्क नवी नको म्हटलं, पुतण्याच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधली काढून आणा. दुसऱ्या दिवशी आणली. चाचणीत चांगली निघाली, तिलाही केस घातला. नव्या एसएसडीवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू पूर्ण चालवलं, विंडोजमध्ये 447 जीबी दिसले, त्यातला प्रत्येक वाचता आला. मग मोबाईल आणि विंडोज दोन्हींना वाचता येणारं एक्सफॅट फॉरमॅट करून काकांच्याच मोबाईलला लावून बघितली, कारण काही फोन एवढी वीज बाहेर देत नाहीत.

राहिली जेजुरीनंतरची कीर्तनं. काकांनी दुकानात बसूनच दिंडीतल्या लोकांना फोन लावले. फलटणचं एकाकडं पूर्ण निघालं, माळशिरसचं नुसता आवाज, वेळापूरचं व्हॉट्सॲपवर दाबून बारीक झालेलं. येईल तसं मी उतरवत गेलो, त्याच जुन्या फोल्डरांत. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी सासवड लावायचं ठरलं, अर्धं राहिलेलं नव्हे, आदल्या रात्रीचं.