बडोद्यातल्या बागांचे आणि आखाड्यांचे जुने कागद: कुठे जायचं, काय मागायचं

बडोद्याला लोक लक्ष्मीविलास पॅलेस बघायला जातात, मी गेले होते बागांचे जुने कागद बघायला. कुठली बाग कधी झाली, कुणी आखली, पोरांना खेळायला जागा कुणी दिली, तालमींना मदत कुठून यायची, असल्या गोष्टींचे कागद. पुण्यात आमच्या भागातल्या बागेची माहिती जमवताना बडोद्याचं नाव सारखं समोर यायचं, आणि दांडिया बाजारात मावशी आहे म्हणजे राहायचा प्रश्न नाही, म्हणून यावेळी निघालेच. माझ्यामागून कुणी जाणार असेल तर त्याचे हेलपाटे वाचावेत म्हणून हे सगळं लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून जा. बागा आणि करमणूक म्हणून एकच कपाट असेल आणि ते उघडलं की सगळं हातात, असं तिथे होत नाही. संस्थानाचे कागद एकीकडे, छापील अहवाल दुसरीकडे, महानगरपालिका झाली त्यानंतरचं तिच्याकडे, आणि प्रत्यक्ष खेळाचं जे काही आहे ते आखाड्यांकडे आणि घराघरात. त्यामुळे कुठून सुरुवात करता याला फार महत्त्व आहे.

माझं म्हणणं, सुरुवात कागदापासून करूच नका, आधी कमाटीबागेत जा. म्हणजे सयाजीबाग, पण बडोद्यात रिक्षावाल्याला कमाटीबाग म्हटलेलंच बरं. स्टेशनवरून चालत जाता येतं. काळा घोडा दिसला की पोचलात, तो सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा, डर्वेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने केलेला, १९०७ चा. बाग १८७९ ची, विश्वामित्रीच्या काठाने पसरलेली, एकशे तेरा एकर. सकाळी लवकर जाऊन नुसतं फिरा आणि प्रत्येक पाटी, प्रत्येक कोनशिला वाचत फोटो काढत चला. बँडस्टँड बघा, फुलांचं घड्याळ बघा, त्याचं यंत्र जमिनीखाली आहे आणि काटे वर झाडांवरून फिरतात. हे सगळं पायाखालून गेलेलं असलं की नंतर फाइलीत "नदीकडची बाजू" किंवा "म्युझियमच्या मागची जागा" असं आलं तर लगेच डोळ्यासमोर येतं. विश्वामित्रीत मगरी आहेत, बघायला म्हणून काठावर उतरू नका, ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर तर हे सांगायची गरजही नसावी.

बागेतलं म्युझियम आणि पिक्चर गॅलरी बघाच. म्युझियमची इमारत १८९४ ला पुरी झाली. गॅलरीचं बांधकाम १९०८ ला सुरू होऊन १९१४ ला संपलं, पण महायुद्धामुळे युरोपातून चित्रं यायला उशीर झाला आणि ती उघडली थेट १९२१ ला. आता एका कागदात १९१४ आणि दुसऱ्यात १९२१ दिसलं की वाचणारा गोंधळतो, कुठलं तरी चूक असणार असं वाटतं, पण दोन्ही बरोबर असतं. बागेच्या बाबतीत हे कायम होतं. मंजुरीचं साल वेगळं, काम संपल्याचं वेगळं, उद्घाटनाचं वेगळं. वहीत तीन रकाने करा, मी केले होते, फार उपयोग झाला.

आणि संकल्पभूमीला जा. २३ सप्टेंबर १९१७ ला डॉ. आंबेडकर याच बागेत झाडाखाली बसले होते. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून आलेला माणूस, महाराजांच्या नोकरीत, आणि त्याला शहरात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं. दरवर्षी त्या तारखेला लोक इथे येतात. मी तिथे बराच वेळ थांबले. माळ्यांच्या हजेरीत आणि रोपांच्या हिशोबात असल्या गोष्टी कधी येत नाहीत, म्हणून बागेचा इतिहास नुसता खात्याच्या कागदांवरून लिहिता येत नाही असं मला अगदी मनापासून वाटतं.

मग मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी. महाराजांनी १९१० ला बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ही सगळी व्यवस्था उभी केली. आतले लोखंडी रॅक आणि मजल्यामजल्यांमधली जाड काचेची जमीन बघून घ्या, वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून तसं केलंय. इथे मागायचे ते बडोदे संस्थानाचे वार्षिक कारभाराचे अहवाल. सर टी. माधवराव दिवाण झाले तेव्हापासून, म्हणजे १८७५ पासून ते निघायला लागले, इंग्रजीत आहेत. नुसतं "गार्डन" शोधून थांबू नका, बांधकाम, नगरपालिका, शिक्षण, म्युझियम ही प्रकरणंही चाळा, कारण शाळेतली कसरत शिक्षणात सापडते आणि तलावाच्या काठची भिंत बांधकामात. एक महत्त्वाचं, संस्थानाचं सरकारी वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपायचं. त्यामुळे १९१३-१४ चा अहवाल म्हणजे जुलै १९१४ पर्यंतचा, आपल्या मार्चच्या हिशोबाने वाचलात तर सालं चुकतील. आणि जुन्या अहवालात रक्कम दिसली की बाबाशाही रुपये आहेत की इंग्रजी ते आधी बघा, विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत बडोद्याचं स्वतःचं नाणं चालू होतं आणि दोन्हींचा भाव सारखा नव्हता. क्रुम्बिगेल हे नाव सापडलं तर लिहून घ्या, १८९३ ला बडोद्यात आलेला हा जर्मन बागतज्ज्ञ, पुढे १९०८ ला बंगळूरच्या लालबागेत गेला. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराचा १९१६ चा बडोद्यावरचा अहवालही मागा, शहर कसं वाढवावं हे सांगताना त्याने तळ्यांचा आणि बागांचा जो विचार केलाय तो आजही वाचण्यासारखा आहे.

कोठी आवारातलं दफ्तर म्हणजे गुजरात सरकारच्या अभिलेखागाराचं बडोद्याचं कार्यालय. इथे संस्थानाचे मूळ कागद. आधी पत्र किंवा फोन करून जा, ओळखपत्र, त्याची झेरॉक्स, फोटो आणि एखाद्या संस्थेचं किंवा कॉलेजचं शिफारसपत्र बरोबर ठेवा, विषय एका ओळीत लिहून न्या. "बागांचा इतिहास" असं मोघम सांगितलं तर समोरचा माणूस तरी काय काढून देणार. बागेचं नाव, साधारण साल, आणि कशाचा कागद, जमीन की नेमणूक की खर्च, एवढं सांगितलं की काम पुढे सरकतं. पेन आत नेऊ नका, पेन्सिल न्या. फोटो काढायचा तर परवानगी लेखी घ्या.

कागद हातात आला की घाई करू नका. मी उघडलेल्या एका गठ्ठ्यात टाचणीचा गंज कागदातून आरपार उतरला होता, पहिल्या पानावरचा तपकिरी ठिपका शेवटच्या पानापर्यंत तसाच, तिथे बोट लावलं की पापुद्रा निघेल असं. समासात वेगळ्या शाईने शेरा. माझा अनुभव असा की मजकूर कारकुनाचा असतो आणि निर्णय शेऱ्यात असतो, म्हणून समास आधी वाचा. भाषेचं म्हणाल तर खासगीकडचे, म्हणजे राजघराण्याच्या खात्याचे, कागद बरेचसे मराठीत, जुने मोडीत, बाकी कारभार गुजरातीत, आणि छापील गुजरातीही पुष्कळदा बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत, त्यामुळे आपल्याला वाचता येतं. मोडी येत नसेल तर येणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन जा, तिथे जाऊन शोधू म्हणू नका. फारच जुन्या कागदावर सूरसन म्हणजे मराठी दफ्तरातली जुनी अरबी कालगणना असेल, तर साल काढायचा तक्ता मोबाईलमध्ये ठेवा. कारभारातले शब्द अडले तर संस्थानाने १९३१ ला काढलेला सयाजी शासन शब्द कल्पतरू आहे, आठ भाषांमधले शब्द शेजारीशेजारी दिलेत.

महानगरपालिका खंडेराव मार्केटच्या इमारतीत, १९०६ ची. फुलबाजार तिथेच मागे, सकाळी गेलात तर झेंडूच्या ढिगांच्या बाजूनेच जाल. इथे जुनं कमी मिळेल ही तयारी ठेवून जा, आणि त्याचं कारण साधं आहे. सरकारी दफ्तराचे वर्ग असतात, काही कायम ठेवायचं, काही ठरावीक वर्षांनी नष्ट करायचं. जमिनीचे, ठरावांचे कागद टिकतात. माळ्यांचं मस्टर, रोपांची खरेदी, मैदान कुणाला कधी दिलं त्याच्या पावत्या, हे सगळं अल्पमुदतीच्या वर्गात जातं आणि नियमानेच जाळलं किंवा रद्दीत दिलं जातं. म्हणजे नेमकं जे आपल्याला हवं असतं तेच. म्हणून सरळ फाइल न मागता बारनिशीचं, म्हणजे आवकजावक नोंदीचं, रजिस्टर आणि नष्ट केलेल्या फाइलींची यादी मागा, फाइल गेली तरी तिचा विषय आणि तारीख तिथे राहते. माहिती अधिकाराचा अर्ज करा, गुजरातमध्ये फी वीस रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात "कागदांची पाहणी" असं स्पष्ट लिहा. अर्ज घरून निघायच्या महिनाभर आधी टाकलात तर पोचेपर्यंत उत्तर आलेलं असतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, आखाडे. बडोद्याच्या खेळाचा अर्धा इतिहास तिथे आहे आणि तो बराचसा मराठी आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिराला नक्की जा. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद, त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव यांनी गुरूच्या नावाने ही संस्था चालवली. आपल्या भाषेतून कवायतीचे हुकूम द्यायची पद्धत बसवण्यात माणिकरावांचं मोठं काम आहे. द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेला दहा खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोश बडोद्याचाच, १९३६ ते १९४९. त्यातली चित्रं बघताना मल्लखांबाची एकेक पकड कशी नोंदवून ठेवलीय ते बघून मी थक्क झाले. हिंदविजय जिमखाना इथलाच, १९२३ ला हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धा बडोद्यात भरली ती त्यांच्या काळातली. खेळाचे नियम छापून ठरायला लागले ते याच सुमारास. आणि क्रिकेटवाल्यांसाठी, १९४६-४७ च्या रणजी फायनलला होळकरांच्या संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांची ५७७ धावांची भागीदारी बडोद्यातच झाली, त्यामुळे इंदूरच्या लोकांनाही इथे शोधण्यासारखं आहे.

मावशीच्या शेजारचे काका, वय ऐंशीच्या पुढे, लहानपणापासून तालमीत गेलेले. मी विषय काढल्यावर म्हणाले, "अगं, कागद दफ्तरात कशाला शोधतेस, आमच्या माळ्यावरच्या पेटीत बघ की." पेटीत स्पर्धांची आमंत्रणं, वर्गणीच्या पावत्या, ग्रुप फोटो. मी त्यांना फोटोतल्या प्रत्येकाचं नाव विचारलं आणि फोटोला हात न लावता वेगळ्या कागदावर रांगेने लिहून घेतलं. काही चेहरे त्यांनाही आठवेनात, तिथे जागा मोकळी ठेवली. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागात अशी घरं अजून आहेत. जाताना ओळख घेऊन जा, दुपारी एक ते चार कुणाचं दार वाजवू नका, मूळ कागद मागून नेऊ नका, तिथेच बसून फोटो काढा आणि प्रिंट काढून एक संच घरच्यांना द्या.

जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी. १४-१५ जानेवारी टाळा, उत्तरायणाला सगळं शहर गच्चीवर असतं आणि ऑफिसं बंद. नवरात्रातही कामाची अपेक्षा ठेवू नका. सरकारी ऑफिसांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. दुपारी खाण्यासाठी सेवउसळ, तिखट झेपत नसेल तर तर्री वेगळी मागा. फोटोंना त्याच संध्याकाळी नावं द्या, गठ्ठ्याचा नंबर, पान, साल, कुठलं दफ्तर, कारण घरी आल्यावर सगळे पिवळे कागद एकसारखेच दिसतात. आणि कुणाला मोडी चांगली येत असेल आणि बडोद्याला जाणं होणार असेल तर मला जरूर कळवा, खासगीकडच्या बागांचे काही कागद मी क्रमांक लिहून तसेच ठेवून आलेय, ते यादीसकट देते.